बुधवारचा वर्ग

शिक्रापूर सोडून राजगुरुनगरच्या दिशेने निघाले की वाटेत पाबळ लागते. इतिहासाची आवड असणारे इथे मस्तानीची कबर पाहायला येतात. शिरूर तालुक्यातल्या शेतकऱ्याला मात्र या पट्ट्याचे नाव काढले की आधी पाण्याची ओढ आठवते. इथल्या विज्ञान आश्रमात गेली अनेक वर्षे एक वेगळाच वर्ग भरत आला आहे. जानेवारी ते जून, दर बुधवारी संध्याकाळी. शिकवणारे प्राध्यापक अमेरिकेत, एमआयटीत. त्यांच्याकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पाबळला साडेसात झालेले असतात, आणि मार्चमध्ये अमेरिकेतली घड्याळे तासभर पुढे सरकली की साडेसहा. त्याच वेळी बार्सिलोनात दुपार असते, पेरूमधली मुले सकाळचा नाश्ता आटोपून बसलेली असतात आणि जपानमधली रात्रीची झोप आवरत. या वर्गाचे नाव फॅब अकॅडमी.

यातली बहुतेक मुले एकमेकांना प्रत्यक्ष कधीच भेटलेली नसतात. तरी महिनाभरात ती एकमेकांची कामे ओळखू लागतात. कोणाचे काय अडले आहे हे दुसऱ्या खंडातल्या कोणाला तरी माहीत असते, आणि माहीत असलेला माणूस ते सांगतोही. दूरदूर बसलेल्या विद्यार्थ्यांचा असा एक वर्ग कसा होतो? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण तो न होण्याचा अनुभव आपण सगळ्यांनी घेतला आहे.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलपे लागली. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या राज्याच्या मालिकेतून रोजचा अभ्यास पोचवायचा प्रयत्न झाला, शिक्षकांनी वर्गवार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केले. ग्रामीण शिक्षणाचा अंदाज घेणाऱ्या ‘असर’च्या त्या वर्षीच्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे दिसले. पण घरी फोन असणे आणि मुलाच्या हातात फोन असणे यांत फार अंतर आहे. तो फोन वडिलांबरोबर सकाळी रानात किंवा कंपनीत जायचा आणि रात्री परत यायचा. तोवर ग्रुपवर सरांनी पाठवलेली पीडीएफ, त्याखाली तीस-चाळीस जोडलेले हात, दोन ‘ओके सर’, कोणाच्या तरी वडिलांनी चुकून पाठवलेला सुप्रभात, एवढे साचलेले असायचे. अभ्यास पोचला होता. वर्ग मात्र कुठेच नव्हता. मुलाने मुलाला एक अक्षरही विचारलेले नव्हते. शिक्षक जीव तोडून काम करत होते, हे ज्यांनी जवळून पाहिले त्यांना माहीत आहे. त्यांच्या कष्टांत कमी नव्हती. त्या ग्रुपची रचनाच अशी होती की तिथे बोलण्यासारखे काही घडतच नव्हते.

पाबळच्या वर्गात ते घडते. का घडते, हे कळायला थोडे मागे जावे लागेल.

डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञ. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात डॉक्टरेट, मग म्हैसूरची केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संस्था, मग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठे पद. वयाच्या पंचावन्नच्या आसपास त्यांनी ते सोडले आणि १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम उभा केला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचे, म्हणजे जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या संस्थेचे, हे एक केंद्र. कलबागांनी सुपीक, सधन गाव निवडले नाही. देशातल्या असंख्य गावांसारखे, कमी पावसाचे गाव त्यांना हवे होते, कारण इथे जे जमेल ते इतरत्र जमण्याची शक्यता होती. त्यांच्या विचाराचा गाभा एकच: हाताने काम करता करता माणूस शिकतो, आणि शाळेत न रमलेला मुलगा याच वाटेने उत्तम शिकतो. शाळा सुटलेल्या मुलांसाठी त्यांनी एक वर्षाचा निवासी पदविका अभ्यासक्रम सुरू केला. त्यात वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया असे सगळे. आसपासच्या माध्यमिक शाळांतही आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस मूलभूत तंत्रज्ञान शिकवायला सुरुवात झाली. तिथे शिकवायला गावातलेच कारागीर आणि छोटे व्यावसायिक येत. मुलांनी बनवलेली वस्तू किंवा केलेले काम गावाच्या उपयोगी पडले पाहिजे, असा दंडक होता. हिमोग्लोबिन तपासणे, माती तपासणे, चिक्की करणे, घरातली वायरिंग दुरुस्त करणे. वर्धा परिषदेत १९३७ मध्ये गांधीजींनी मांडलेल्या नई तालीमशी याचे नाते उघड आहे.

पाबळमध्ये हे चालू असताना तिकडे एमआयटीतले प्राध्यापक नील गेरशेनफेल्ड, म्हणजे बुधवारचा वर्ग शिकवणारे तेच, १९९८ पासून आपल्या विद्यापीठात एक वर्ग घेत होते. जवळजवळ काहीही कसे बनवावे, हाच त्याचा विषय. संगणकाने चालणारी कापण्याची, कोरण्याची, छापण्याची यंत्रे हाती दिली तर साधी माणसे काय काय घडवतील, हे त्यांना पाहायचे होते. २००२ मध्ये अशा यंत्रांची एमआयटीबाहेरची पहिली प्रयोगशाळा, म्हणजे फॅब लॅब, उभी राहिली ती पाबळमध्ये. दुधाची प्रत तपासायचे उपकरण, डिझेल इंजिन नीट लावून देणारे उपकरण असे प्रश्न पाबळने त्या प्रयोगशाळेपुढे ठेवले, आणि गेरशेनफेल्ड यांनी २००५ च्या आपल्या पुस्तकात त्यांबद्दल लिहिले. कलबाग २००३ मध्ये गेले. आज जगात अशा दोन हजारांहून अधिक प्रयोगशाळा आहेत आणि त्या सगळ्यांच्या वंशावळीत पाबळ अगदी वरच्या ओळीत आहे. ऑगस्ट २००९ मध्ये या प्रयोगशाळांची जागतिक परिषद पुण्यात भरली. त्याच वर्षी फॅब अकॅडमी सुरू झाली, कारण ठिकठिकाणी यंत्रे पोचली होती आणि ती वापरायला शिकवणारी माणसे पुरत नव्हती. सगळ्यांना बॉस्टनजवळच्या एमआयटीत नेणे शक्य नव्हते. मग वर्गच सगळीकडे न्यायचा ठरला.

या वर्गाची घडण नीट पाहण्यासारखी आहे. विद्यार्थी आपापल्या गावच्या प्रयोगशाळेत, तिथल्या मार्गदर्शकाबरोबर काम करतात. आठवड्याला एक विषय: एका आठवड्यात लेझरने कापणे, दुसऱ्यात विजेचे सर्किट बनवणे, पुढे त्रिमिती छपाई, साचे आणि ओतकाम, सेन्सर, मोटारी, असे करत जूनपर्यंत प्रत्येकाचे स्वतःचे एक पूर्ण यंत्र किंवा वस्तू. प्रत्येक विद्यार्थ्याचे स्वतःचे एक पान असते. त्यावर त्या आठवड्यात काय केले, कसे केले आणि काय बिघडले हे फोटोंसकट लिहायचे असते. काय बिघडले ते वगळून चालत नाही. पान सगळ्या जगाला खुले. बुधवारी वर्ग सुरू झाला की आधी मागच्या आठवड्याच्या कामाची तपासणी होते, आणि त्यासाठी नावे संगणक कुठल्याही क्रमाने काढतो. नाव पाबळचे निघाले तर पाबळच्या मुलाचे पान जगभरच्या पडद्यांवर उघडते. त्याने बोलायचे, प्राध्यापकांनी विचारायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. मग नवा विषय. मधल्या दिवसांत स्थानिक मार्गदर्शकाची तपासणी, आणि शनिवारी कोणीही काहीही विचारावे अशी मोकळी बैठक. काही काम एकट्याने करायचे, काही त्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी मिळून, उदाहरणार्थ आपल्या यंत्राची मर्यादा मोजून लिहिणे.

एक आठवडा जवळून पाहू. सर्किट बनवायचा आठवडा. तांब्याचा पातळ थर दिलेली पट्टी छोट्या मिलिंग यंत्राच्या टेबलावर दुहेरी चिकटपट्टीने बसवायची. यंत्रात एक इंचाच्या चौसष्टाव्या भागाएवढे पाते लावायचे. अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, खाली पडले तरी मोडते. संगणक पात्याला वाट दाखवतो आणि पाते नको असलेले तांबे खरवडून काढते. उरते ती विजेची वाट. सांगताना सोपे वाटते. पण चिकटपट्टी एका कोपऱ्यात दुमडली, तर पट्टी तिथे केसभर उचलली जाते. मग एका बाजूला पाते खोल जाते आणि दुसऱ्या बाजूला तांब्याला शिवतच नाही. मुलगा पाते बदलतो, वेग कमी करतो, फाइल पुन्हा बनवतो, आणि तीच चूक पुन्हा. पात्यावर पाती मोडतात. खरा दोष चिकटपट्टीत आहे हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

अशा वेळी तो मागच्या वर्षीची पाने उघडतो. एखाद्या परदेशी मुलीच्या पानावर नेमका तसाच अर्धवट कोरलेला बोर्ड दिसतो आणि खाली लिहिलेले असते: टेबल पुसले, जुनी पट्टी पूर्ण काढली, नवी एकावर एक न चढवता शेजारीशेजारी लावली, झाले. मुलगा तसे करतो. पुढे सोल्डरिंग. वाटाण्याहून लहान भाग चिमट्याने धरून बसवायचे. डायोड उलटा बसतो, संगणक बोर्ड ओळखत नाही. आता तो प्रश्न टाकतो: बोर्डाचा जवळून घेतलेला फोटो, मल्टिमीटरने कुठे किती दाब मिळाला, आतापर्यंत काय करून पाहिले. उत्तर येते, कारण उत्तर देता येईल असा तो प्रश्न आहे. आणि आपला बोर्ड चालला की तो आपल्या पानावर उलट्या डायोडची गोष्ट लिहितो. पुढच्या वर्षी ती वाचणारा कोणीतरी असणार, हे त्याला ठाऊक असते, कारण यंदा वाचणारा तो स्वतः होता.

इथेच मला या सगळ्या विषयाची किल्ली दिसते. दूरच्या वर्गात मुलांनी एकमेकांशी बोलावे म्हणून आपण त्यांना बोलायला सांगतो. ‘चर्चेत सहभागी व्हा’, ‘आपले मत मांडा’, ‘किमान दोन प्रतिक्रिया द्या’. मुले दोन प्रतिक्रिया देतात, ‘छान माहिती’ आणि ‘सहमत’. बोलण्यासाठी बोलणे कोणालाच जमत नाही, मोठ्यांनाही नाही. पाबळच्या मुलाला चर्चा करा असे कोणी सांगितलेले नसते. त्याच्या हातात न चालणारा बोर्ड असतो. बोर्ड दोघांनाही दिसतो, त्यामुळे बोलायला विषय असतो. दोघांचेही बोर्ड बिघडलेले असतात, त्यामुळे लाज कमी होते. आणि एकाच्या अनुभवात दुसऱ्याला हवे असलेले काहीतरी असते, त्यामुळे बोलणे खरे असते. आपलेपणा यातून मागाहून, आपोआप येतो.

शिक्षणाच्या अभ्यासकांनीही या दिशेने पुष्कळ काम केले आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातले गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २००० साली मांडले, की संगणकावरून चालणाऱ्या वर्गाला तीन गोष्टी लागतात: माणसे एकमेकांना माणसे म्हणून जाणवणे, मिळून विचार होणे, आणि शिकवणाऱ्याचे अस्तित्व. या मांडणीवर पुढे ढीगभर लेखन झाले. माझे मत असे की शाळा-महाविद्यालयांत पहिली गोष्ट फार उथळपणे घेतली गेली. ओळख करून द्या, छंद सांगा, आवडता रंग सांगा, आणि दुसऱ्या दिवसापासून सरळ धडा. माणूस जाणवतो तो त्याच्या छंदांच्या यादीतून नाही. त्याने केलेल्या कामातून आणि आपल्यासाठी काढलेल्या वेळातून जाणवतो. अमेरिकेतले अभ्यासक मायकेल मूर यांची मांडणी मला जास्त जवळची वाटते. शिक्षणातले अंतर मैलांत मोजायचे नसते, असे त्यांचे म्हणणे. संवाद किती आणि आखणी किती ताठर, यावर ते ठरते. म्हणजे एकाच खोलीत साठ मुले आणि शिक्षक खूप दूर असू शकतात, आणि पाबळ व पेरू जवळ असू शकतात.

दूरच्या मुलांना वर्गमित्र मिळण्याची ही गरज इंटरनेटच्याही आधीची आहे. मध्य ऑस्ट्रेलियात मेंढ्या-गुरांच्या फार्मांवर वाढणारी मुले शेजारच्या घरापासून शेकडो किलोमीटर दूर असत. टपालाने धडे येत, पण समवयस्क मूल दिसतच नसे. तिथल्या ‘फ्लाइंग डॉक्टर’ या विमानाने फिरणाऱ्या वैद्यकीय सेवेचे रेडिओ या घरांत होतेच. अ‍ॅडलेड मिथकी या शिक्षिकेच्या लक्षात आले की ही मुले अतिशय बुजरी आहेत, आणि त्याच रेडिओवरून त्यांना एकत्र आणता येईल. १९५१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्ज इथून हवेतली शाळा सुरू झाली. लवकरच धड्यांत प्रश्नोत्तरे आली, आणि मुलांना एकमेकांचे आवाज ऐकू येऊ लागले. धडे टपालानेही येतच होते. रेडिओने दिले ते वर्गमित्र. पुढे ऑस्ट्रेलियाच्या अशाच वैराण भागात, याच प्रकारच्या शाळेत मार्टिन डगियामस नावाचा मुलगा शिकला. २००२ मध्ये त्याने मूडल ही प्रणाली खुली केली. आज आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांचे ऑनलाइन वर्ग तिच्यावर चालतात. मूडलमागचा विचार डगियामसने सेमूर पॅपर्ट यांच्याकडून आलेल्या मतावर बेतला: दुसऱ्याला दिसेल असे काहीतरी घडवताना माणूस उत्तम शिकतो. पॅपर्टही एमआयटीचेच. गंमत म्हणजे आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मूडल उघडले की आधी पीडीएफच्या फाइलींची रांग दिसते, मुलांनी घडवलेले काही दिसायला बरेच खाली जावे लागते.

महाराष्ट्रानेही हा धडा एकदा गिरवला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ मध्ये दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. कार्यक्रम अभ्यासपूर्ण होते, पण पडद्यावरचा माणूस बोलायचा आणि बघणारा एकटा असायचा. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. शिकणारी माणसे नोकरी, शेती, संसार सांभाळणारी. त्यांच्यासाठी पुस्तके घरी पाठवून विद्यापीठ थांबले नाही, गावोगावी अभ्यासकेंद्रे उभी केली. रविवारी केंद्रावर येणाऱ्या बाईला संपर्कसत्रात किती शिकवले गेले, याइतकेच महत्त्व माझ्या मते तिथे भेटणाऱ्या दुसऱ्या बाईला आहे. सासरी राहून बी.ए. करणारी आपण एकटीच नाही, हे तिला त्या भेटीतून कळते. फॅब अकॅडमीचेही तेच. पडद्यावरचा जगभरचा वर्ग टिकतो, कारण प्रत्येक ठिकाणी चार-सहा जणांचा हाताच्या अंतरावरचा गट असतो. पाबळच्या मुलाचे मिलिंग यंत्र बिघडले तर बॉस्टनहून कोणी येत नाही. शेजारच्या बाकावरचा येतो. उलट जगभर लाखोंना खुले असलेले मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम २०१२ च्या सुमारास मोठ्या आशेने आले, आणि नाव नोंदवलेल्यांपैकी पूर्ण करणारे दहातला एकही नाही, असे बहुतेक ठिकाणी दिसले. तिथे व्याख्याने उत्तम होती, पण शेजारचा बाक रिकामा होता.

फॅब अकॅडमी जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणणार नाही. तिचे शुल्क काही हजार डॉलर आहे, भाषा इंग्रजी, आणि सहा महिने दुसरे काहीही सुचू नये इतके काम. शिरूरच्या एखाद्या माध्यमिक शाळेला यातले काही परवडणारे नाही. पण तिच्या मुळाशी असलेली गोष्ट फुकट आहे, आणि ती कलबागांनी आठवीच्या मुलांबरोबर आधीच करून दाखवली होती: आधी काम, मग त्याबद्दल बोलणे.

समजा भीमाशंकरच्या बाजूची एक शाळा, पाबळची एक आणि दौंडकडची एक, अशा तीन शाळांतल्या आठवीच्या मुलांचा मिळून एक वर्ग करायचा आहे. विषय भूगोलातला पाऊस. मुलांनी प्लॅस्टिकच्या सरळ उभ्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा आत बसवला, तळाला सिमेंट किंवा मेण ओतून सपाट केला, बाहेर पट्टी चिकटवली, की पर्जन्यमापक तयार. रोज सकाळी ठरल्या वेळी मिलिमीटर लिहायचे. जुलैत एका गावात बाटली भरून वाहते आणि त्याच दिवशी दुसऱ्या गावात तळही ओला होत नाही. सगळी एकाच पुणे जिल्ह्यातली गावे. घाटमाथ्यावर ढग का रिकामे होतात आणि पूर्वेला पर्जन्यछाया का पडते, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेले असते. पण आता दौंडच्या मुलाकडे जो आकडा आहे तो भीमाशंकरच्या मुलीकडे नाही, आणि तिच्याकडचा आकडा त्याला खोटा वाटतो. तो विचारणारच: बाटली नीट ठेवली होती का? झाडाखाली होती का? फोटो पाठव. हे बोलणे शिक्षकाला घडवून आणावे लागत नाही.

यामागेही एक जुना प्रयोग आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत १९७१ मध्ये गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना एका वर्गात आणले, तेव्हा तणाव पराकोटीला गेला. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा कळायचा तर ज्याच्याशी बोलायचे नाही त्याचेच ऐकावे लागे. सगळ्यांच्या हाती सारखेच पुस्तक असेल तर मुलाला मुलाची गरज पडत नाही. प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे नसलेले काहीतरी हवे. दूरच्या वर्गात ही सोय आयतीच असते, कारण मुले वेगवेगळ्या गावांत असतात. विहिरींची पाणीपातळी, मातीचा सामू, आजीकडून ऐकलेल्या ओव्या, बाजारातला कांद्याचा भाव, एसटीच्या वेळा: प्रत्येक गावाचे उत्तर वेगळे. आपण ही संपत्ती बाजूला ठेवतो आणि सगळ्यांना एकच पीडीएफ पाठवतो.

आता काही बारीक गोष्टी, ज्यांवर असा वर्ग जगतो किंवा मरतो.

शिक्षकाने उत्तर द्यायची घाई करू नये. मुलाने प्रश्न विचारला आणि दोन मिनिटांत सरांचे उत्तर आले, की बाकीच्यांच्या दृष्टीने विषय संपला. सरांनी संध्याकाळपर्यंत थांबावे, किंवा म्हणावे, ‘मागच्या आठवड्यात दौंडच्या गटाची हीच अडचण होती, त्यांना विचार.’ मात्र दोन दिवस कोणीच उत्तर दिले नाही तर सरांनी द्यायलाच हवे. पहिल्याच प्रश्नाला शांतता मिळालेले मूल दुसरा प्रश्न विचारत नाही. उत्तर येईलच याचा भरवसा हा वर्गाचा पाया आहे, आणि तो पहिल्या पंधरवड्यात घातला जातो किंवा कधीच घातला जात नाही.

गप्प मुलांना गैरहजर धरू नये. कुठल्याही मोठ्या गटात लिहिणारे थोडे आणि वाचणारे खूप असतात. एखादी मुलगी सगळे वाचून आपली बाटली झाडाखालून काढून अंगणात ठेवते आणि काहीच लिहीत नाही. ती शिकली आहे. तिला बोलते करायचे तर साठांच्या गटात नाव पुकारण्यापेक्षा पाच जणांच्या गटात आणावे. पाचांत गप्प राहणे साठांपेक्षा अवघड असते आणि बोलणे सोपे.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर मोकळेपणाने बोलले पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. अनेक घरांत याच एका कारणाने मुलीला ग्रुपमध्ये घालत नाहीत, आणि घरच्यांची काळजी निराधार नसते. त्यामुळे मुलींचे गट त्यांच्या गावातल्या शिक्षिकेच्या किंवा शाळेच्या फोनवरून जोडावेत, गटाच्या नावाने लिहावे, व्यक्तीच्या नंबराने नव्हे. शाळेचा एक फोन किंवा संगणक आणि त्याभोवती बसलेल्या चौघीजणी, ही रचना एका घरात एक फोन या रचनेहून मला तरी जास्त चांगली वाटते. चौघी मिळून प्रश्न तयार करतात तेव्हा तो प्रश्न आधीच चार डोक्यांतून गाळून आलेला असतो.

भाषेचीही अडचण सोडवता येते. पुस्तकी मराठीत लिहिताना जो मुलगा अडखळतो तो आवाजाच्या संदेशात आपल्या बोलीत पाच मिनिटे बोलतो. बोलू द्यावे. मग गटातल्या दुसऱ्या कोणीतरी ते ऐकून चार ओळींत लिहावे. ऐकणाऱ्याला नीट ऐकावे लागते आणि बोलणाऱ्याला आपले म्हणणे कागदावर आलेले दिसते.

वेळेचे काय? सगळ्यांनी एकदम ऑनलाइन यावे हा हट्ट ग्रामीण घराला झेपत नाही. कांदा काढणीच्या दिवसांत तर नाहीच. रोजचे बोलणे ज्याला जेव्हा जमेल तेव्हाचे असावे. पण आठवड्यातली एक वेळ मात्र ठरलेली हवी, फॅब अकॅडमीच्या बुधवारसारखी, जेव्हा सगळे गट आपापल्या शाळेत जमतात आणि एकमेकांना पाहतात. तिथेही कोणाचे काम दाखवायचे याच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. त्यामुळे हुशार मुलेच नेहमी पुढे येत नाहीत, आणि आपली चिठ्ठी निघू शकते म्हणून सगळेच तयारी करून येतात.

मागच्या वर्षीच्या मुलांनी लिहिलेले जपून ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅपवरचे बोलणे फोनबरोबर वाहून जाते. शाळेत एक जाड वही ठेवली तरी चालेल, तिचे फोटो काढून दुसऱ्या शाळांना पाठवता येतात. मागच्या पावसाळ्यात कोणाची बाटली कशी उलटली, कोणत्या आठवड्यात गावाने टँकर मागवला, हे पुढच्या आठवीला आपल्याच गावच्या ताई-दादांच्या अक्षरात वाचायला मिळाले पाहिजे. फॅब अकॅडमीची जुनी पाने वर्षवार खुली आहेत. पाबळच्या मुलांची पानेही त्यांत आहेत आणि शाळेत इंटरनेट असेल तर मुलांना ती आजही दाखवता येतील.

राहिले गुण. मुले आपल्यापेक्षा लवकर ओळखतात की शाळेला खरोखर कशाची किंमत आहे. प्रकल्पाच्या वीस गुणांतले सगळे स्वतःच्या आकड्यांना दिले, तर दुसऱ्याला मदत करण्यात घालवलेली संध्याकाळ फुकट गेली असे मुलाला वाटेल, आणि ते बरोबरच असेल. त्यातले पाच गुण दुसऱ्या गावच्या गटाला झालेल्या उपयोगासाठी ठेवावेत. ते शिक्षकाने देऊ नयेत. वर्षाच्या शेवटी प्रत्येक गटाने लिहून द्यावे की आमचे अडलेले काम कोणाच्या सांगण्यावरून सुटले आणि ते नेमके काय होते. ज्यांची नावे त्या कागदांवर येतील, गुण त्यांना.